पोर्शन

पाचवीच्या जूनमध्ये फळ्यावरचं वेळापत्रक उतरवून घेतलं
तेव्हा शिक्षण म्हणजे आठ गुणिले सहा चौकोन
एवढंच समजलं.
मधल्या सुट्टीच्या चौकोनात मी डबा काढला होता,
तो सिस्टर फिलोमिनांनी लाल शाईने खोडला.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. यादोबा हातोडीने वाजवायचे.
आवाज मोंढ्यापर्यंत जायचा म्हणत,
मोसंबीच्या आडतीवरचे हमाल
आमच्या तासांवर चहा प्यायचे.

मंगळवारी चौथ्या तासाला वर्ग दुभंगायचा.
आम्ही अकरा जण धर्मशिक्षणाला, चॅपलमध्ये,
बाकीचे सगळे नीतिशिक्षणाला, कडुनिंबाखाली.
“तुमच्यात काय असतं गं?” तहूरा चाऊस विचारायची.
मग वह्यांची अदलाबदल.
तिच्या वहीत : खोटे बोलू नये.
माझ्या वहीत : आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नको.
तिच्याकडे लाकूडतोड्याचं रंगीत चित्र होतं, माझ्याकडे नुसती ओळ.
तिचा देव जास्त श्रीमंत असणार, मला वाटायचं.

सातवीच्या भूगोलात
आमचा जिल्हा एका ओळीत सापडला :
पर्जन्यछायेचा प्रदेश.
छाया हा शब्द वाचून बरं वाटलं.
बाहेर टँकर लागला होता, बोर्डिंगच्या मुली बादल्या घेऊन पळत होत्या,
माझी बादलीही कुणीतरी नेली असेल.
चाचणी होती.

आठवीत गणित इंग्रजीत गेलं.
काटकोनाचा राइट अँगल झाला,
नव्वद मात्र नव्वदच राहिले.
सुट्टीत अंबडकडच्या आमच्या गावी बाप म्हणाला, काय शिकली?
मी म्हणाले, हायपोटेन्यूज.
त्याने तीनदा म्हणवून घेतलं
आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर
दारात उभं राहून लोकांना सांगितलं,
जणू एखाद्या संताचं नाव.

नववीत तो धडा आला,
जो दुसऱ्या शाळांत म्हणे घरी वाचायला सांगत.
फिलोमिना सिस्टर पूर्वी नर्स होत्या.
त्यांनी मुलांना मैदानात पाठवलं नाही,
पांढऱ्या आणि गुलाबी खडूने फळाभर सगळं काढलं,
प्रत्येक भागाचं नाव दोनदा उच्चारलं.
“हसायचा नाय. तू पन असाच आला.”
पंखा तेवढा कुरकुरत होता.

इतिहास त्रिभुवन सरांकडे.
सतरा सप्टेंबरला आमच्याकडे आणखी एकदा झेंडा लागतो,
एक लिमलेटची गोळी मिळते,
पुस्तकात त्यावर पाव पान.
सर वाचत वाचत रझाकार शब्दापाशी आले.
मागच्या बाकांवरून काही डोळे तहूराच्या पाठीवर गेले.
मला दिसले नाहीत, तिला पाठीनेच कळले.
ती पेन्सिलीला टोक करत राहिली,
लाकडाची साल लांबत लांबत बाकाखाली उतरली.
मी तिच्याशी बोलायला हवं होतं.
मी रबर पुढे सरकवला, तिला नको असलेला.
“हे परीक्षेला येत नाही,” सर म्हणाले,
आणि पान उलटलं.

फेब्रुवारीत फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं गेलं :
पोर्शन संपला. उजळणी सुरू.

आता माझी लेक त्याच शाळेत, सातवीत.
यादोबा नाहीत, घंटा विजेची आहे.
इतिहासाला चाऊस मॅडम.
परवा ती उशिरा जेवायला बसली.
“आज पाव पानाला तीन तास लागले,” म्हणाली.
मॅडमनी त्यांच्या नानीचं सांगितलं,
नानी नऊ वर्षांची होती,
शेजारच्या कुणाच्या तरी ज्वारीच्या कणगीत सात रात्री होती,
भाकरी कोण टाकायचं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही,
फक्त हाताला कांद्याचा वास यायचा.
मग मॅडमनी विचारलं,
तुमच्या घरी त्या वर्षीचं कुणी काही सांगतं का?
तर सगळेच बोलायला लागले,
मागच्या बाकावरचेसुद्धा.

“आणि पोर्शन?”
“तो मागे पडलाय गं.
तू भाजी वाढ ना.”