इतिवृत्तात नसलेली चावी

फेब्रुवारी. उणे सत्तावीस.
सरोवर इतकं गोठलेलं की वरून ट्रक जातात,
आणि पालिकेने नेमकी हीच संध्याकाळ धरली
शहराचा कला-संस्कृती आराखडा
नागरिकांना विचारून ठरवायला.

मी इतिवृत्त लिहिणार. तासाचे पैसे, वर सूप.

भिंतीवर नकाशा. टोरांटोहून आलेल्या सल्लागार बाईंनी
प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या वाटल्या :
तुमची संस्कृती जिथे आहे, तिथे लावा.

हेल्वी राउतिओ, वय शहाऐंशी,
मागावर चिंध्यांचे गालिचे विणते.
तिने तिन्ही टिकल्या सरोवरात लावल्या.
अहो, तिथे नुसतं पाणी आहे.
"बर्फ आहे," हेल्वी म्हणाली. "बर्फावर झोपडी आहे.
झोपडीत माझा दीर गळ टाकून
अकॉर्डियन वाजवत बसतो.
मासे पळून जातात. तरी वाजवतो."
मी लिहिलं : सरोवर, तीन.

लेलंड शवांडाने एकच टिकली लावली, याच इमारतीवर,
जरा खाली, तळघराच्या बाजूला.
"आमचा ढोल तिथे बॉयलरशेजारी ठेवायला लावता.
त्याचं कातडं सुकतं. आजोबांना कुणी
बॉयलरशेजारी निजवतं का?"
बाईंनी विचारलं, हे 'वारसा'त घालू की 'साठवणूक'मध्ये?
लेलंड सूप पीत राहिला.

मारिविक उभी राहिली, अंगात अजून वृद्धाश्रमाचा गणवेश.
"रात्रपाळी सुटते सकाळी सातला.
नऊ जणी आहोत. गातो.
डोनटच्या दुकानामागे, गाडीत, काचा वर करून."
नऊ जणी? एका गाडीत?
"दोन गाड्यांत. म्हणून तर सूर जुळत नाही."

पोरगा कोल्टन म्हणाला, धान्याच्या जुन्या कोठारांवर
रंगवायची परवानगी नकोच आम्हाला.
फक्त रंगवलेलं पुसू नका.

तक्त्यावर रकाने भरत गेले :
दृष्टी. मूल्ये. प्राधान्यक्रम.
माझ्या पेनातली शाई थंडीने अडखळत होती,
किंवा मीच.

तेव्हा दाराशी उभा असलेला दारिओ,
एकवीस वर्षं इथला रखवालदार,
ज्याला कुणी टिकली दिलीच नव्हती,
त्याने हात वर केला.

"पाच वाजता मी कुलूप लावतो.
सकाळी नऊला काढतो.
मधल्या वेळात चावी कुणाकडे?"

रेडिएटर दोनदा ठणकला.
बाई हसून म्हणाल्या, फार चांगला मुद्दा,
आणि पुढच्या पानावर गेल्या.

आराखडा जूनमध्ये आला. चौऱ्याऐंशी पानं.
मुखपृष्ठावर उन्हाळी सरोवर,
त्यात एक लाल होडी, होडीत आमच्यातलं कुणी नाही.
पान एकसष्ट, तळाशी :
"सार्वजनिक वास्तूंच्या वापरवेळांबाबत
यथावकाश विचार व्हावा."
यथावकाश. माझाच शब्द.
मीच सुचवला होता, वाक्य गोल व्हावं म्हणून.

हेल्वीने मात्र जूनची वाट पाहिली नव्हती.
सभेच्या दुसऱ्या दिवशी दारिओचा जुडगा
तासभर हरवला,
आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात
एक म्हातारी काठी टेकत शिरली.
सात चाव्या. पावती घेतली नाही.

ढोल आता वरच्या कपाटात असतो,
हेल्वीच्या गालिच्यावर.
सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
मागच्या खिडकीत उजेड दिसतो.
नऊ जणींपैकी एक अजूनही बेसूर आहे,
म्हणजे दोष गाड्यांचा नव्हता.

सहा चाव्या कुणाकडे, ते मला ठाऊक आहे.
सातवीमुळे माझ्या कोटाचा खिसा
आतून फाटत चाललाय.

सभेचं इतिवृत्त एकमताने मंजूर झालं.
त्यात काहीही चुकीचं नाही.