उचलता येण्याजोगं

निबाल्दोने काउंटरवर दोन कागद ठेवले.
एकावर लॅपटॉप, सोळा इंची, ताकदवान,
दुसऱ्यावर टॉवर, काळा, उभ्या सुटकेसएवढा.
किंमत जवळपास तीच.
"यास्ना, तुझं काम जड," तो म्हणाला,
"पुलांचे सांगाडे, वाऱ्याचा हिशेब, रात्रभराचं रेंडर.
टॉवर हे हसतहसत करील.
लॅपटॉपही करील, पण धापा टाकत,
आणि तुझ्या मांडीवर पोळी भाजता येईल."

मग तो स्वतःच्याच विरुद्ध बोलला, कारण भला माणूस आहे:
"पण तू राहतेस मारिपोसास टेकडीवर.
एकशे त्रेचाळीस पायऱ्या. बिघडला तर खाली कोण आणणार?
लॅपटॉप म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड,
पाठीवर टाकलं की निघालं."

मी दोन्ही कागद घडी घालून खिशात ठेवले.

खाली बंदरात क्रेन कंटेनर उचलत होत्या.
त्यातल्या एकीत बाबा सदतीस वर्षं बसले.
संध्याकाळी शिडी उतरून घरी यायचे
रिकाम्या हातांनी. खिशात फार तर एखादं संत्रं.
क्रेन कधी घरी आली नाही.
कशी येणार?

माझं काम जेवायला बसतं.
उशाशी झोपतं.
मामेबहिणीच्या लग्नात केकच्या टेबलाखाली
त्याचा चार्जर लावून ठेवला होता मी.

आणि ऑगस्टमधली ती रात्र,
जी निबाल्दोला सांगितली नाही.
तीन वाजून वीस मिनिटं. आधी कुत्री, मग खिडक्या, मग जमीन.
मी अंधारात उठले आणि माझे हात
आपणहून टेबलाकडे गेले.
चार्जर उपटला. वायर गुंडाळली.
गुंडाळली, नीट, दोन वेढे.
आणि मग आठवलं
की आतल्या खोलीत बाबा आहेत,
की गुडघ्यांमुळे त्यांना हात देऊन उठवावं लागतं.

काही झालं नाही. एवढ्याशा हलण्याला
आमच्याकडे भूकंप म्हणत नाहीत.
भिंत धरत धरत बाबा स्वतःच दारापर्यंत आले होते.
माझ्या काखेकडे त्यांनी पाहिलं, म्हणाले,
"घेतलास ना बरोबर? बरं केलंस."
टोमणा नव्हता. खरंच बोलले.
तेच तर.

शनिवारी निबाल्दो आणि त्याचा भाचा टॉवर घेऊन चढले.
प्रत्येक वळणावर टेकवत.
सत्तराव्या पायरीशी दोन्या एर्मिंदाने पाणी दिलं,
विचारलं, "यात कोण आहे? मला ओळखीचं कोणी?"
वर पोचून भाचा घाम पुसत म्हणाला,
"आता हा मेला तरी इथंच मरणार."
खिडकीखाली त्याने ठिय्या मांडला.
भिंतीला पट्ट्याने बांधला, इथं सगळंच बांधतात.
सहा वाजता मी बटण दाबते,
त्याचा पंखा एक उसासा टाकतो,
आणि खोली अचानक एवढी मोठी होते
की काय करावं सुचत नाही.

तोटे आहेत. सांतियागोच्या बैठकीत
मी पूल पेन्सिलीने काढून दाखवला,
तिथली पोरं एकमेकांकडे बघत होती.
काल रात्री पुन्हा हललं, वीज गेली,
चार तासांचं रेंडर पाण्यात.
परत आल्यावर मी त्या काळ्या खोक्याला शिव्या घातल्या,
अगदी आजीच्या, क्रोएशियन.

पण हललं तेव्हा मी पायऱ्यांवर होते,
विसाव्या की एकविसाव्या,
बाबांचा हात माझ्या खांद्यावर.
शेजारी ब्लँकेटं पांघरून उभे,
कुणीतरी रेडिओ लावलेला,
खाली बंदरात क्रेनवरचे लाल दिवे तेवढे पेटते.
बाबांनी ते मोजले. सगळे होते.
मग खिशातून एक संत्रं काढून मला दिलं.
त्यांच्या बोटांना आता सोलता येत नाही.

संत्रं सोलायला दोन्ही हात लागतात.