डावा पीळ

आई मणी ओवायची तळघरात, हीटरच्या घरघरीशेजारी,
आणि शनिवारी आम्ही निघायचो : वेल्वा, टाउनर, रग्बी.
मागच्या सीटवर वडिलांचे मासेमारीचे तीन डबे,
गळांच्या खणांत आता झुमके.
माझ्या मांडीवर आरसा.
नॉर्थ डकोटाचा सपाट बर्फ त्यात
उलटा पळत जायचा.

कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत सोफे भिंतीला सरकवलेले,
कॉफी, लिंबाच्या वड्या,
बाया आधी एकमेकींच्या गळ्याकडे बघायच्या,
मग किमतीच्या चिठ्ठीकडे,
मग उगाच छताकडे.
आई काळं मखमल अंथरायची, चादर झटकावी तसं,
आणि म्हणायची, "हात लावा. हात लावल्याशिवाय कळत नाही."
एवढंच तिचं भाषण.

माझं काम आरसा धरायचं.
"वर धर. खालून सगळ्याच म्हाताऱ्या दिसतात."
आणि छान दिसतंय असं म्हणायचं नाही.
म्हणायचं असेल तर तिचं ती म्हणेल.

लव्हॉनचे कान हिरवे पडले, निकेल सोसेना तिला.
रात्री साडेनऊला फोन.
आई चांदीचे आकडे घेऊन निघाली, बावीस मैल.
आठ डॉलरच्या झुमक्यांसाठी?
वडील म्हणाले, पेट्रोल तरी लाव.
आई बूट चढवत म्हणाली,
"कान तिचे आहेत, हॅरल्ड."

ट्वेटबाईंच्या बोटांत संधिवात, माळेचा फासा लागेना.
आईने लोहचुंबकाचा बसवून दिला.
मग कळलं, बाईंच्या छातीत पेसमेकर.
आईने त्याच रात्री माळ उसवली,
चौदा इंच वाढवली, फासाच काढून टाकला.
डोक्यावरून घाला, डोक्यावरून काढा.
वाढीव मण्यांचे पैसे मांडले वहीत
'माझी चूक' या खात्यावर.
वही आहे माझ्याकडे. त्या वर्षी
या खात्यात एकशे बारा डॉलर, चाळीस सेंट.
नफ्याचं पान मी शोधलं. चिकटलेलं होतं, जॅमने.

आणि बर्निस शाफर.
फेब्रुवारीत तिच्या घरी एकही बाई आली नाही,
वारा दार ढकलत होता,
टेबलावर चाळीस सँडविचं, त्यांवर ओला रुमाल.
बर्निस म्हणत राहिली, येतीलच, रस्ता खराब आहे.
आईने सगळं मांडलं. सगळं.
एरवी न काढायची ती नाइफ नदीकाठच्या चकमकीची,
मधाच्या रंगाची पदकंसुद्धा.
दोन तास बर्निसने एकेक घालून पाहिलं
आणि मी आरसा धरला, हात भरून आले तरी वर धरला.
विक्री : कुड्यांचा एक जोड.
यजमानीणबाईंची भेट मात्र आईने पुरती दिली,
बारा जणी आल्यासारखी.
घरी येईस्तोवर आम्ही सँडविचं खात होतो.
आई एकदाच बोलली,
"उद्या तिला फोन करायचा. कुड्या टोचत तर नाहीत ना, विचारायला."

परवा पाकीट आलं, रग्बीहून. आत एकच कुडी, कापसात.
'आईच्या होत्या. दुसरी हरवली. तुमच्या कार्डावर लिहिलंय,
कधीही मोडलं, हरवलं, तर कळवा.
कार्ड जुनं आहे. चालेल का?'
खाली सही, कुणा कॅरल शाफरची.

तार कापली. मणी सापडला तसाच, नशीब.
तीनदा केली, तीनदा वेगळी दिसली.
भिंगाखाली धरली तेव्हा कळलं :
आईचा पीळ डावीकडे वळतो.
डावखुरी होती.
चमचा, पेन, थोबाडीत, सगळं डाव्या हातानं,
आणि हे मला तारेने सांगावं लागलं.

पक्कड डाव्या हातात घेतली.
वेडीवाकडी आली पहिली.
दुसरी जरा बरी.
कॅरलला कळवलंय, अजून एक आठवडा लागेल,
पैसे नकोत,
आणि टोचली तर सांगा.