वजा दोन

मागणी साधी होती, एका ओळीत बसणारी:
दलदलीपलीकडची टोळी, बारा पत्ते,
पहिला पत्ता सरदाराचा.
सोबत नमुन्याला सहा चित्रं,
सगळ्यांत तोच चेहरा, फक्त दात कमीजास्त.
खाली चौकट, आकडे त्यांनीच भरलेले.
ताकद: अधिक चार.
बुद्धी: वजा दोन.

केप्याच्या बाजारावरच्या भाड्याच्या खोलीत
पंखा तीनवर ठेवून मी कामाला बसले.
हात सरावलेला.
आधी कवटी, मग जबडा पुढे ओढायचा,
कपाळ मागे ढकलायचं
विचाराला जागा उरणार नाही इतकं.
नाक दाबायचं. ओठ जाड. नाकात हाड.
हाड कुणाचं ते विचारायचं नसतं.
(मागच्या महिन्यात परीराण्या केल्या, सोळा,
सगळ्या ताकाच्या रंगाच्या.
रानात राहतात म्हणे,
पण ऊन लागलेली एकही नाही.)

कातडीचा रंग जमेना.
नमुन्यातला काळा मेलेला होता,
त्यात रक्तच नव्हतं.
म्हणून फोनमधला एक फोटो उघडला,
रंग उचलायची नळी टेकवली
आणि मिळाला: जिवंत, किंचित तांबूस काळा.
फोटो बाबांचा होता, कुळागरात सुपारी सोलतानाचा.
मनगटावरून उचलला मी तो.
तेव्हा काही वाटलं नाही. रंग म्हणजे रंग.

पाचवीत मला राक्षस केलं होतं.
प्रमिलाबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या,
वेळीपांच्या पोरीला रंग लागायचा नाही,
डबी वाचेल.
वर्ग हसला, मीही हसले,
हसायला लवकर शिकतं माणूस.
मधल्या सुट्टीपर्यंत नाव पडलं होतं, खाप्री.

आणि मी तरी कोण?
मडगावहून पणजीच्या बसमध्ये
आफ्रिकेतला एक विद्यार्थी, मांडीवर जाड पुस्तक,
शेजारची सीट रिकामी.
नुव्यापासून वेर्ण्यापर्यंत
मी दांड्याला धरून उभी राहिले.
गर्दी नव्हती.

शनिवारी बाबा आले गावडोंगरीहून,
पिशवीत केळी आणि मिरसांग.
चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले.
वाटलं, विचारतील हा राक्षस कसला.
ते बघत राहिले, बराच वेळ,
मग म्हणाले, "हो आमचो कोण गो?"

मी गप्प.
"शाणू काका सारको दिसता. नाक तेंच.
पूण इतलो राग कित्याक आयला ताका?
कोणें कितें केलें?"

मागणीत ते लिहिलेलं नव्हतं.

रात्री मी जबडा मिटवला. हाड काढलं.
डोळ्यांखाली जागरण घातलं,
भाल्याच्या जागी कोयता दिला,
धार जमिनीकडे.
सकाळी उत्तर आलं, नम्र, हसऱ्या चेहऱ्यासकट:
सुंदर आहे, पण भीती वाटत नाही.
कृपया पहिल्यासारखा.

इथे लिहायला हवं की मी नकार दिला.
स्कूटरचे पाच हप्ते राहिले होते.
पहिल्यासारखा पाठवला.

आता तो छापून झालाय.
कुठल्याशा थंड गावात, गालिच्यावर पालथं पडून
एखादं पोरगं त्याला हरवत असेल,
पुन्हा पुन्हा, माझ्या बाबांच्या मनगटाला,
आणि आईला सांगत असेल, किती सोपा आहे हा.

मिटल्या तोंडाचा बाबा घरी घेऊन गेले,
भिंतीवर लावला, आजोबांच्या शेजारी.
आल्यागेल्याला सांगतात, शाणू, तरुणपणचा.
कुणी हटकत नाही. एका म्हातारीने तर
डोळे पुसले म्हणे.

आकडे मी पुसले होते,
चौकट राहून गेली, रिकामी.
परवा गेले तर तिच्यात
कुणीतरी कुंकवाचं बोट टेकवलेलं.