खोगीर

डिचोलीमागची खाण बंद पडून नऊ वर्षं झाली.
खड्ड्यात पाणी, हिरवंनिळं, खोल.
तळाशी एक टिपर राहिलाय म्हणतात.
ओढा येत नाही, ओढा जात नाही.
मे महिन्यात नमुना घेतला तेव्हा
वहीत लिहिलं होतं: काही नाही.

काल शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली
त्याच पाण्याच्या थेंबात
एक पाणपिसू उड्या मारत होती.
आरपार अंग, एकच काळा डोळा,
काळीज इतकं भरभर की मोजता येईना.
पाठीवर काळपट खोगीर,
खोगिरात दोन अंडी,
झोपलेली.

नववीतला दिप्तेश म्हणाला,
टीचर, ही आली कुठून?
मी म्हटलं, बगळे. पाखरांच्या पायांना चिखल लागतो.
पुस्तकात तसंच आहे.

मुलं गेली.
दिवा न मालवता मी आठवत बसले,
खाणीवर कोण कोण जातं.
कायतान जातो, गरी आणि बालदी घेऊन.
पावसाच्या तोंडाला त्यानं दोन थिगूर सोडले होते,
करमळीच्या तळ्यातल्या पाण्यासकट.
थिगूर पुन्हा दिसले नाहीत.
कोंसेसांव मावशीनं कुडतरीहून
ओल्या गोणपाटात कमळाचे कंद आणले,
कंद कुजले म्हणून फेकले,
गोणपाट मात्र खाणीवर धुतलं.
आणि ती पोरं, सकाळी धबधबा, दुपारी खाण,
अंगावर तीच ओली चड्डी.
कोणाच्या मनात काही नसतं.

मग दाराशी उलटे ठेवलेले गमबूट दिसले.
माझे.
जानेवारीत मयेच्या तळ्यावर सहल नेली होती,
घोट्यापर्यंत रुतले होते मी,
मुलं हसली होती.
चार महिने बूट तसेच वाळले.
मग तेच घालून खाणीत उतरले,
गुडघाभर,
इथं जीव आहे का ते बघायला.

वहीतलं 'बगळे' खोडलं.
काय लिहावं ते सुचेना.
केसांतली पिन काढून
टाचेच्या खाचा उकरल्या.
वर्तमानपत्रावर पडलं
मयेचं तळं,
चिमूटभर, राखाडी, कोरडं ठणठणीत.

फुंकर मारायला वाकले
आणि तशीच थांबले,
गाल फुगवून.