फडकं

महिनाभर आधीपासून आम्ही मांजरांना
फोनवर रडणं ऐकवत होतो,
कुणा परक्या बाळाचं, रोज संध्याकाळी सात मिनिटं,
आधी हळू, मग मोठ्यानं.
मुनीम कान पाडून बॉयलरच्या कपाटावर जाऊन बसला.
हळकुंडनं खाणं तेवढ्यापुरतं थांबवलं.
चौथ्या आठवड्यात दोघांनाही काही वाटेनासं झालं
आणि श्रीरंग म्हणाला, झाली तयारी.

पाळण्यात फॉइल अंथरलं,
पाय पडला की चुरचुरावं,
तिथं झोपायची खोड मोडावी म्हणून.
मुनीम दुसऱ्याच दिवशी त्यावर झोपला,
डब्यात राहून गेलेल्या पोळीसारखा.

मग ती आली. मंगळवारी पहाटे, पोट कापून.
आणि आमच्या दोघींच्या आधी घरी पोचलं
तिचं फडकं: दूध, घाम
आणि स्वान्सीच्या हॉस्पिटलातला साबण.
श्रीरंगनं ते स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलं,
शेजारी वाटीत ट्यूना,
म्हणजे त्या वासाची गोडी लागावी.
मला फोटो पाठवला:
फडक्यासमोर दोन पाठी, दोन शेपट्या,
पूजेला बसलेलं जोडपं जणू.

अकोल्याहून आत्या म्हणाली,
मांजर पोराचा श्वास ओढून घेतं गं, दे कुणाला तरी.
म्हटलं, इथं कुणाला देऊ?
खाली समुद्र, आणि वर धुराड्यावर सीगल.
ती म्हणाली, मग सीगलला दे.
टाके दुखेपर्यंत हसले.

दहाव्या दिवशी ग्वेनेथ आली, वजनकाटा घेऊन,
आमचा चढ चढून धापा टाकत.
बाळ मोजून झाल्यावर मांजरांचं विचारलं.
घाई नको, म्हणाली. आधी वास, मग आवाज,
मग दाराच्या फटीतून दिसणं,
मग एकाच खोलीत, पण लांब.
पाठ फिरवली त्यांनी, तर ओढून आणू नका.
निघून जायची वाट मोकळी असली
की मांजर बहुतेक थांबतं.

मी मान हलवली, चहा दिला.
मनात म्हटलं, बाई,
मला कुणी आधी फडकं दिलं नाही हुंगायला.
फट नाही, चार आठवडे नाहीत.
छातीपाशी निळा पडदा, पलीकडे कुणीतरी
सुट्टीत कुठं जाणार ते सांगत होतं,
आणि एकदम ती, सगळीच्या सगळी,
ओली, माझ्याकडे न बघणारी.
सगळे म्हणाले, ही बघ आई.
मला बॉयलरच्या कपाटावर जाता येत नव्हतं.

मांजर पिल्लाला सात घरं फिरवते म्हणतात.
काल रात्री मोजली मी माझी:
अकोला, पुण्यात दोन खोल्या, रेडिंग,
कार्डिफची दोन, हे सातवं.
पिल्लाआधीच फिरून बसले.

तेविसावा दिवस. बेचाळिसाच्या आत नाव नोंदवायचं,
फॉर्म फ्रिजवर तसाच, एक ओळ कोरी.
पहाटे साडेतीन. ती रडायला लागली.
हळकुंड धावत आला
आणि चार्जिंगला लावलेल्या फोनपाशी जाऊन
त्याच्याकडे बघत बसला.
दार उघडं राहिलं होतं. माझ्याकडूनच.
मुनीम आला, घाई न करता,
पायथ्याशी चढला, रजईच्या कडेकडेनं.
तिची टाच हुंगली.
मग माझं मनगट.
मग परत टाच, परत मनगट,
वहीतल्या दोन रकमा ताडून बघाव्यात तसं.
मग पंजे दुमडून बसला,
आम्हा दोघींपासून हातभर,
डोळे मिटले न मिटलेसे.

ती अजून रडतच होती.
मी तिला उचलायच्या आधी
मनगट नाकाशी नेलं.