तपासणीची रात्र

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात
माकामे सुपरवायझर म्हणाला,
एकेक रात्र सगळ्यांनी पाहुण्यासारखं राहायचं.
काय गळतं, काय करकरतं, मुंग्या कुठून येतात,
सगळं फॉर्मवर लिहायचं.
घरचं एक माणूस आणलंत तरी चालेल.

मला सात नंबरचा व्हिला आला.
चार वर्षं त्याच्या चादरी ताणतेय मी,
टॉवेलांचे हंस करतेय,
पण त्याच पलंगावर पाठ टेकायची म्हणजे
आपणच वाढलेल्या पंगतीत
आपणच पाहुणी म्हणून बसायचं.

आईला नेलं.
जांबियानीत तिला सगळे बी झुहुरा म्हणतात,
इथे गेटवरच्या पोराने वहीत लिहिलं: गेस्ट, एक.
दारातच चपला काढून ती उभी राहिली,
पोवळ्यांनी चिरलेल्या टाचा
एकीवर एक लपवत.

न्हाणीघरात साबण हुंगून म्हणाली,
हे तर आपलं शेवाळ!
हो.
केवढ्याला देतात?
पाहुण्यांना फुकट असतो, मी म्हटलं.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.
रिसेप्शनजवळच्या दुकानात या एका वडीचे जितके घेतात
तितक्यात ती वाळवलेलं एक पोतं विकते,
तेही व्यापाऱ्याने ओलं आहे म्हणून काटा मारला नाही तर.

मग तलाव. गोड्या पाण्याचा,
आमच्या विहिरीला मचूळ चव आहे तिथून
चार मिनिटांवर.
समुद्र इथे असताना हा कशाला?
ओहोटीला समुद्र जातो ना, आई.
दर हंगामात कुणीतरी फोन करतं रिसेप्शनला,
समुद्र कुठे गेला, परत कधी आणताय?
आई हसली, इतकी हसली
की काठावर बसावं लागलं तिला,
आणि बसल्यावर पाय आपसूकच पाण्यात गेले.

रात्री तिला झोप येईना.
लाटा ऐकू येत नाहीत गं, बहिरी झाले की काय मी.
काचेचं दार सरकवलं तशी
एसी आपणहून बंद झाला. तसा तो करतोच.
ती ओटीवर जमिनीवर झोपली, कांगा डोक्यावरून घेऊन.
मी पलंगावर. चार जण मावतील एवढा पलंग,
मी एका कडेला, सरळ, न हलता.
सकाळी ती चादर मलाच ताणायची होती.

फजरची बांग झाली तेव्हा ओटी रिकामी.
समुद्र मागे गेलेला, पार खडकांच्या रेषेपर्यंत,
आणि मधल्या चकचकीत चिखलात
लाल, पिवळे, जांभळे ठिपके वाकलेले.
पाहुणे इथूनच फोटो काढतात. मीच कितीदा
त्यांचे फोन धरून उभी राहिलेय.
त्यातला माझा कुठला ते कळेना.
काचेला नाक लावलं, वाफ धरली, पुसली.
मग एक ठिपका ताठ झाला, कमरेवर हात ठेवून,
पुन्हा वाकला, पुन्हा तिसऱ्या खुंटाला ताठ झाला.
ती.

फॉर्मवर लिहिलं:
खालचा खण अडकतो. शॉवर थेंब थेंब गळतो.
पाहुण्यांना काय आवडलं, या रकान्यात
बराच वेळ पेन धरून बसले,
आणि साबण असं लिहिलं.
मग आठवलं, निजताना आई म्हणाली होती,
समुद्राकडच्या पायऱ्यांतली शेवटची निसरडी आहे,
कुणाचं तरी कंबरडं मोडेल.
तेही लिहिलं, तिचं नाव न घालता.

माकामेने आठ दिवसांत रबराची पट्टी बसवून घेतली.
आता त्या पायरीवर कुणी घसरत नाही.
त्याच महिन्यात कुंपणही आलं, पाण्यापर्यंत.
आई वळसा घालून जाते,
मशिदीमागच्या वाटेने,
भरती लवकर असली की
पळत.